शिट्टीच काढून टाकली तर कथा उरते का? भयकथेचा टीव्ही रिमेक कशावरून जोखायचा?

वाळूतली_पावलं

मंडळी, गेल्या आठवड्यात लागोपाठ दोन रात्री एकाच कथेची टीव्हीवरची दोन रूपं पाहिली. तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाहीये, म्हणून हा धागा. पुढे दोन्हींचे शेवट फोडले आहेत. ज्यांना कोऱ्या पाटीने पाहायचंय त्यांनी इथेच थांबा.

कथा एम. आर. जेम्सची. 'ओह, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड' असं लांबलचक नाव, १९०४च्या संग्रहातली. पार्किन्स नावाचा प्राध्यापक सुट्टीत गोल्फचा हात सुधारायला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एका छोट्या हॉटेलात उतरतो. भुतंखेतं त्याच्या लेखी थोतांड. खोली मिळते ती दोन पलंगांची. सहकाऱ्याने सांगितलं म्हणून तो टेंपलर सरदारांच्या जुन्या वास्तूचे अवशेष बघायला जातो आणि तिथे त्याला धातूची एक जुनी शिट्टी सापडते. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलेलं असतं: 'हा कोण येतो आहे?' तो ती खोलीत आणतो, माती काढतो, वाजवतो. वारा सुटतो. आणि ज्या पलंगावर कुणी झोपलेलंच नाही, तो सकाळी चुरगळलेला सापडतो.

बीबीसीने १९६८ मध्ये यावर कृष्णधवल फिल्म केली. दिग्दर्शक जोनाथन मिलर, प्राध्यापक मायकल हॉर्डर्न. पाऊण तासाच्या आत आटोपते. मग २०१० साली २४ डिसेंबरच्या रात्री बीबीसीनेच नवी आवृत्ती दाखवली. पटकथा नील क्रॉसची, मुख्य भूमिकेत जॉन हर्ट.

आणि या नव्या आवृत्तीत शिट्टीच नाही. वाळूत सापडते ती अंगठी. प्राध्यापक आता निवृत्त झालेला म्हातारा आहे, बायको ॲलिसला स्मृतिभ्रंश झालाय. तिला शुश्रूषागृहात ठेवून तो, दोघं पूर्वी जिथे येत असत त्या किनाऱ्यावर एकटा जातो. शेवटी रात्री त्याच्या पलंगावर जे सरपटत येतं ते ॲलिसच्या रूपात, 'मी अजून इथेच आहे' म्हणत. सकाळी तो मेलेला सापडतो. तिकडे ॲलिसची खुर्ची रिकामी.

जॉन हर्टने काम जीव ओतून केलंय, त्याबद्दल वाद नाही. पण नाव तेच ठेवायचं आणि त्या नावातली वस्तूच फेकून द्यायची, हे मला अजिबात पटलेलं नाही. माझ्या मते हा रिमेक नापास. तुम्ही कशावरून ठरवता? घटना जुळल्या पाहिजेत, की पात्रं, की निव्वळ भीती वाटली म्हणजे झालं?

कंदील_काजळी

शिट्टीवाचून 'शिट्टी'! आता तर बघणं आलंच. बघून येतो.

रेखा_म

चांगला विषय. पण एक गोष्ट आधीच नोंदवते. ज्या १९६८च्या फिल्मला आपण सगळे 'मूळ' मानून बसलोय, तीही मूळ नाहीच. जेम्सचा पार्किन्स तरुण आहे, टापटिपीचा, तोलूनमापून बोलणारा. हॉर्डर्नचा प्राध्यापक वयस्कर, स्वतःशीच पुटपुटणारा, एकलकोंडा. कथेतलं गोल्फ गायब. कथेत त्या प्राध्यापकाचा हॉटेलात उतरलेल्या एका कर्नलशी चांगला परिचय होतो आणि शेवटी तोच त्याला वाचवतो. फिल्ममध्ये कर्नल कडेला सरकलाय.

म्हणजे मिलरनेही मनासारखी कापाकापी केलीच की. त्याला अभिजात म्हणायचं आणि २०१०वाल्याला नापास करायचं, तर कसोटी 'बदल केला का' ही असू शकत नाही. काहीतरी दुसरी हवी.

टेपरेकॉर्डर

रेखाताईंशी सहमत, पण मिलरने काय बदललं यापेक्षा काय *केलं* ते बघा. मी ही फिल्म हेडफोन लावून पाहिली आहे, आणि तशीच पाहावी असा माझा आग्रह आहे.

हॉर्डर्न जवळजवळ बोलतच नाही. गुणगुणतो, घशातल्या घशात हुंकार देतो, खाताना स्वतःशीच काहीतरी म्हणतो, एखादा शब्द आवडला तर तो तोंडात घोळवत बसतो. ज्याला वर्षानुवर्षं कुणी उलट बोललेलं नाही अशा माणसाचे आवाज आहेत ते. नाश्त्याच्या टेबलावर कर्नल त्याला भुतांवर विश्वास आहे का विचारतो, तेव्हा तो 'हॅम्लेट'मधलं ते प्रसिद्ध वाक्य उलटं फिरवतो. म्हणतो, स्वर्गात आणि पृथ्वीवर ज्यांची कल्पनाही केली नसेल अशा गोष्टी तत्त्वज्ञानात आहेत. आणि स्वतःच्या चलाखीवर स्वतःच इतका खूश होतो की बघत राहावं.

मग स्वप्न येतं. किनाऱ्यावर तो धावतोय आणि मागे लांब हवेत एक फडकं. बस्स, फडकं. ना चेहरा, ना हात. पण त्याखाली जो आवाज घातलाय, ओढून ताणून विकृत केलेला, तो कशाचा आहे हे कळतच नाही, आणि न कळल्यामुळेच पोटात गोळा येतो. शेवटी पलंगावरची चादर उठते तेव्हा हॉर्डर्न किंचाळत नाही. त्याचे शब्द संपतात. इतका वेळ शब्दांशी खेळणारा माणूस लहान मुलासारखे आवाज काढायला लागतो.

जेम्सने हे असं लिहिलेलं नाही. पण कागदावरची भीती टीव्हीवर आणायची तर आवाजातून आणावी लागते हे मिलरला उमगलं होतं. माझी कसोटी ही: माध्यम बदलल्यावर भीतीची नवी जागा सापडली का?

चौथा_मजला

मूळ लेखकाला विचारून केलं की रिमेक चांगला होतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच उदाहरण पुरे: 'द शायनिंग'.

स्टीफन किंगची कादंबरी १९७७ची. १९८०चा कुब्रिकचा चित्रपट किंगला पटला नाही, हे जगजाहीर आहे. मग १९९७ मध्ये एबीसी वाहिनीसाठी तीन भागांची मालिका झाली. पटकथा खुद्द किंगची, दिग्दर्शक मिक गॅरिस. चित्रीकरण कोलोरॅडोतल्या त्याच स्टॅन्ली हॉटेलात, जिथे राहून किंगला कादंबरी सुचली. कुब्रिकने वगळलेलं सगळं परत आणलं. खोली २३७ची पुन्हा २१७ झाली, कुऱ्हाड जाऊन लाकडी हातोडा आला, तळघरातला बॉयलर फुटतो, आणि हॉटेलचा स्वयंपाकी हॅलोरन जिवंत राहतो.

आणि झुडपं कापून केलेले ते प्राणी! कादंबरीत वाचताना अंगावर काटा येतो. आपण मान वळवली की ते एक पाऊल पुढे आलेले असतात. मालिकेत ते संगणकावर हलवून दाखवले आणि सगळी हवाच गेली. कुब्रिकने प्राणी काढून तिथे झुडपांची भूलभुलैया घातली. कादंबरीशी बेइमानी केली, पण बर्फातली ती भूलभुलैया आजही विसरता येत नाही.

प्रामाणिकपणाची कसोटी लावली तर १९९७ची मालिका पहिल्या नंबराने पास होते. भीती मात्र वाटत नाही. मग काय करायचं त्या प्रामाणिकपणाचं?

मीरा_वाचते

@चौथा_मजला, थोडं थांबा. १९९७च्या मालिकेवर अन्याय होतोय असं मला वाटतं.

कुब्रिकचा जॅक, म्हणजे हिवाळ्यात ते हॉटेल सांभाळायला आलेला नायक, पहिल्या दृश्यापासूनच वेडसर वाटतो. हॉटेल त्याचं काय बिघडवणार? कादंबरीतला जॅक दारू सोडायचा प्रयत्न करणारा, मुलावर प्रेम असलेला बाप आहे. तो हळूहळू हातातून निसटत जातो, हीच तिथली खरी शोकांतिका. मालिकेत स्टीव्हन वेबरने तो माणूस उभा केलाय. झुडपांचे प्राणी फसले हे मान्य, शंभर टक्के मान्य. पण मला त्या बापाची काळजी वाटली आणि चित्रपटात ती कधीच वाटली नाही. भीती आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंगला दोन्ही हव्या होत्या.

चौथा_मजला

@मीरा_वाचते, बापाचा मुद्दा मान्य. त्या दृष्टीने पुन्हा बघेन. पण साडेचार तास भरायचे म्हणून जी ओढाताण केलीय ती नाही सहन होत.

जुनं_कपाट

या सगळ्यात २०२०चा बीबीसीचा 'ड्रॅक्युला' कुठे बसवायचा? दीड-दीड तासाचे तीन भाग. पहिले दोन मी श्वास रोखून पाहिले. तिसऱ्यात काउंट थेट आजच्या काळात येऊन पोचतो आणि माझा रसभंग झाला तो झालाच. ज्यांना ब्रॅम स्टोकरच्या पुस्तकाच्या जवळ जायचंय त्यांनी बीबीसीचाच १९७७चा, लुई जॉर्डनचा पाहावा. संथ आहे, तांत्रिक बाजू जुनाट आहे, पण काउंट भिंतीवरून डोकं खाली करून उतरतो ते दृश्य बघा म्हणजे कळेल.

शब्दपारखी

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचले. वाळूतली_पावलं यांच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर थोडं वेगळं आहे. शिट्टी गेली, अंगठी आली, याचं मला फार दुःख नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. हल्लीचा प्रत्येक रिमेक भुताला *कारण* देतो.

जेम्सची कथा पुन्हा काढून वाचली. पार्किन्सचा गुन्हा काय? जुन्या अवशेषांत सापडलेली एक शिट्टी कुतूहलाने वाजवली. संपलं. त्याने कुणाला फसवलं नाही, कुणाला मारलं नाही, कुणाला सोडून आला नाही. आणि त्याच्या वाट्याला काय येतं? रात्री समोरच्या रिकाम्या पलंगावर काहीतरी उठून बसतं. ते आंधळं आहे. चादरीत गुंडाळलेल्या हातांनी चाचपडत ते आधी पार्किन्सने नुकताच सोडलेला पलंग तपासतं, मग वळतं. त्याला चेहरा म्हणून आहे तो चुरगळलेल्या कापडाचा. एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा, यात काही प्रमाणच नाही. हे प्रमाण नसणं हीच जेम्सची भीती. तुम्ही कितीही सज्जन असा, चुकीच्या वस्तूला हात लावलात की संपलं.

जेम्सने १९११च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत आपले आडाखे मांडलेत. वाचकाला वाटलं पाहिजे की आपण सांभाळून राहिलो नाही तर आपल्यावरही हे येऊ शकतं. आणि भूत दुष्टच हवं. प्रेमळ, मदतीला धावणारी भुतं परीकथांत शोभतात, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

आता २०१०ची आवृत्ती घ्या. इथे माणसाने बायकोला दूर ठेवलंय, त्याच्या मनात सल आहे, आणि तो सलच रात्री दार वाजवतो. म्हणजे हिशेब जुळला. प्रेक्षक मनात म्हणतो, बरोबर आहे, याचं मन याला खात होतं. ज्याने काही केलेलं नाही तो प्रेक्षक सुटला! जेम्सने आपल्याला सुटू दिलं नसतं.

'द हॉण्टिंग ऑफ हिल हाउस'मध्येही (२०१८, दहा भाग) तेच. घरापेक्षा घरच्यांची दुखणी मोठी. भुतं म्हणजे लहानपणी त्या घरात राहिलेल्या भावंडांची न रडलेली रडणी.

मीरा_वाचते

शब्दपारखी, 'हिल हाउस'बद्दल तुम्ही माझ्या मनातलं बोललात, आणि मला त्यात एक पुरावा जोडायचाय.

शर्ली जॅक्सनच्या १९५९च्या कादंबरीचा पहिला परिच्छेद संपतो तो त्या घरात जे काही चालतं ते *एकटं* चालतं, अशा अर्थाच्या वाक्यावर. कादंबरीचा शेवटही त्याच वाक्यावर. मधे एक बाई त्या घराला आपलं घर समजू लागते, तिला वाटतं आपल्याला अखेर कुणीतरी बोलावलं, आणि शेवटचं वाक्य तिच्या तोंडावर दार लावतं. तिथे कुणी कुणाचं नाही.

मालिकेने शेवटी तो एक शब्द बदलला. 'एकटं'च्या जागी 'सोबत'. एवढाच फरक, आणि माझ्या लेखी सगळं पुस्तक उलटं झालं. मालिका म्हणून ती मला आवडली, हे मोकळेपणाने सांगते. मागच्या अंधारात कुणी लक्ष वेधून न घेता उभी केलेली भुतं, सहाव्या भागातले लांबच लांब अखंड शॉट, सगळं फार मेहनतीचं. पण जॅक्सनने दार बंद केलं होतं आणि यांनी ते उघडून आत दिवा लावला.

निळी_शाई

अवांतर आहे, पण भयकथांच्या रिमेकचा विषय निघालाच आहे तर सांगतेच. सुझन हिलच्या 'द वुमन इन ब्लॅक'ची (कादंबरी १९८३ची) आयटीव्हीने १९८९ मध्ये टीव्ही फिल्म केली होती. त्यात नायक होता एड्रियन रॉलिन्स. पुढे २०१२ मध्ये मोठ्या पडद्यावर रिमेक आला, त्यात नायक डॅनियल रॅडक्लिफ. आता हॅरी पॉटरवाल्यांनो, हॅरीच्या वडिलांचं काम कुणी केलं होतं आठवा. एड्रियन रॉलिन्स! बापाला छळून झालं नाही म्हणून बाईसाहेब लेकाच्या मागे लागल्या. :)

कंदील_काजळी

@निळी_शाई, हे माहीतच नव्हतं! दंडवत घ्या.

आणि हो, १९८९वालीतलं ते रात्रीचं पलंगाजवळचं दृश्य... ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. त्या वेळी पटकथाकार नायजेल नीलने जेमतेम काही सेकंद ती बाई जवळ आणली. २०१२मध्ये ती दर दहा मिनिटांनी येते आणि दर वेळी मोठ्ठा आवाज होतो. दचकायला होतं, पण घाबरायला होत नाही. दचकणं खुर्चीतच संपतं.

(२०१०ची 'शिट्टी' अर्धी झाली आहे. किनाऱ्यावर लांब ती पांढरी आकृती दिसली तेव्हा बंद केली. उद्या उजेडात.)

टेपरेकॉर्डर

उजेडात पाहिलीत तर हातात काही राहणार नाही! ख्रिसमसच्या आदल्या रात्री दाखवायला केलेली आहे ती. जेम्स स्वतः केंब्रिजमध्ये ख्रिसमसला मित्रमंडळींना जमवून मेणबत्तीच्या उजेडात या कथा वाचून दाखवायचा. बीबीसीनेही १९७१ ते १९७८ दरवर्षी ख्रिसमसला एक भूतकथा द्यायची प्रथा ठेवली होती, त्यातल्या सुरुवातीच्या बऱ्याचशा जेम्सच्याच. १९७२ची 'अ वॉर्निंग टू द क्युरियस' चुकवू नका. तिथेही सापडलेली वस्तू, समुद्रकाठ आणि मागे लांब उभा असलेला कुणीतरी.

खिडकीपाशी

मी इथे बहुतेक वेळा वाचूनच जाते. आज लिहिते, कारण शब्दपारखींचा प्रतिसाद दोन दिवस मनात आहे.

माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. सहा वर्षं. त्यातली साडेचार मी तिचं सगळं घरी केलं, नंतर मला आणि तिला दोघींनाही झेपेना, म्हणून तिला शुश्रूषागृहात ठेवलं. २०१०ची ही फिल्म मी ती गेल्यानंतर पाहिली, मूळ कथा न वाचता, १९६८ची न पाहता. त्यामुळे शिट्टी आहे की अंगठी, मला काहीच फरक पडला नाही.

त्यात तो प्राध्यापक एका ठिकाणी म्हणतो की आतलं माणूस संपल्यावर मागे उरलेलं शरीर ही कुठल्याही भुताखेतापेक्षा भयंकर गोष्ट आहे. आवाज न चढवता म्हणतो. मला ते वाक्य ऐकून उठून जावंसं वाटलं, कारण मी ते स्वतः म्हटलेलं आहे. याच शब्दांत नाही. मी बहिणीला फोनवर म्हणाले होते, 'आई गेलीच आहे गं, आता नुसतं करायचं उरलंय.' आणि फोन ठेवून वळले तर आई माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं का? मला कधीच कळणार नाही. त्या दिवशी मी तिच्या अंगावरची चादर तीन वेळा नीट केली, काही कारण नसताना.

त्यामुळे शेवटी ते 'मी अजून इथेच आहे' आलं तेव्हा मला ते भूत वगैरे वाटलंच नाही. ते उत्तर होतं.

शब्दपारखी, तुम्ही म्हणता हिशेब जुळला, प्रेक्षक म्हणतो बरोबर झालं. मला विचारा. त्या माणसाचा गुन्हा काय? त्याने बायकोला टाकलं नाही. तिचे केस विंचरले, तिच्याशी बोलला, थकला, आणि थोडे दिवस समुद्रावर गेला. याला कुठल्या न्यायाने मरण यावं? तुम्ही जेम्सबद्दल जे लिहिलंत ना, एवढ्याशा चुकीला एवढी शिक्षा, ते मला या फिल्ममध्ये जसंच्या तसं दिसलं. मनाला सल आहे याचा अर्थ गुन्हा आहे असा होत नाही. जी माणसं करतात त्यांनाच सल असतो.

बाकी रिमेकची कसोटी वगैरे मला सांगता येणार नाही.

निळी_शाई

खिडकीपाशी, लिहिलंत ते बरं केलंत. __/\__

शब्दपारखी

खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा पुन्हा वाचला. 'प्रेक्षक सुटला' हे वाक्य मी एका सुटलेल्या प्रेक्षकाच्या जागेवरून लिहिलं होतं. मी कुणाचं असं केलेलं नाही, म्हणून मला ते सोपं गेलं. सल आणि गुन्हा यांत मी गल्लत केली, ते विधान मागे घेतो.

एक गोष्ट मात्र मला अजूनही बोचते, आणि ती तुमच्याशी प्रामाणिक राहूनच मांडतो. जेम्सचं ते जे काही आहे त्याला पार्किन्सशी घेणंदेणं नाही. ते त्याला ओळखतही नाही. हर्टच्या खोलीत येतं ते त्याला पुरतं ओळखतं. अनोळखी येणं आणि ओळखीचं येणं या दोन भीती एक नव्हेत. दुसरी कमी आहे असं आता म्हणणार नाही.

रेखा_म

आता मला एक सांगू द्या, कारण गेले दोन दिवस मी या नावाच्या मागे लागले होते.

'ओह, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड' ही ओळ जेम्सची नाहीच. ती रॉबर्ट बर्न्सच्या १७९३च्या एका स्कॉटिश गाण्यातली. आणि ते गाणं भुताचं नाही, प्रेमाचं आहे! मुलगी आपल्या प्रियकराला सांगते, तू नुसती शिट्टी वाजव, मी येते. आईबापांनी डोक्यात राख घालून घेतली तरी मी येते. जेम्सने ती ओळ उचलली आणि तिच्यात विष भरलं. शिट्टी वाजवली, पण आलं ते कुणी भलतंच. त्याच्या वाचकांना गाणं ठाऊक होतं, म्हणून त्यांना तो फिरवलेला सुरा कळला.

आणि २०१०मध्ये? एक म्हातारा, दोघं जिथे तरुणपणी आली होती त्या किनाऱ्यावर एकटा चालतोय. वाळूत अंगठी सापडते, ती तो उचलतो. आणि ती येते. शुश्रूषागृहाच्या खुर्चीतून उठून, स्मृतिभ्रंशाचं सगळं ओझं घेऊन, सगळी बंधनं तोडून येते. 'मी येते' म्हणणारी तीच मुलगी आहे ही. नील क्रॉसने हे ठरवून केलं की नाही, मी सांगू शकत नाही. पण वाळूतली_पावलं, तुम्ही विचारलं होतं ना, नाव तेच ठेवून नावातली वस्तू कशी काढून टाकली? वस्तू काढली खरी. पण नावातलं वचन ठेवलं, आणि जेम्सच्याही आधीचं ठेवलं.

जुनं_कपाट

रेखाताई!! हे वाचून मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

चौथा_मजला

म्हणजे मूळ, त्याचं मूळ, आणि त्याचंही मूळ. आपण मधल्याच पायरीवर उभं राहून इतके दिवस भांडत होतो.

पण एक शंका. कथेत शिट्टी वाजवणं ही *कृती* आहे. माणूस स्वतः श्वास फुंकतो, स्वतः बोलावतो. अंगठी नुसती सापडते. तो बोलावत नाही. हा फरक पुसला जात नाही, गाणं कुणाचंही असो.

खिडकीपाशी

चौथा_मजला, तो जाताना तिच्याजवळ वाकून निरोप घेतो. माझ्या मते तेच बोलावणं. निरोप घेताना आपण परत भेटायचंच सांगत असतो.

वाळूतली_पावलं

धागा काढताना मी 'नापास' लिहून मोकळा झालो होतो. आता ते खोडतो.

शब्दपारखींचं अजूनही बरंचसं पटतं. मला व्यक्तिशः आजही मिलरचं ते फडकं जास्त घाबरवतं, कारण त्याला मी कोण आहे हे माहीत नाही. माझी पसंती १९६८चीच राहील. पण मी रिमेक पाहताना हातात यादी घेऊन बसलो होतो. शिट्टी नाही, फुली. कर्नल नाही, फुली. चादर नाही, फुली. या फुल्या मारण्याच्या नादात समोरची बाई काय म्हणतेय ते मी ऐकलंच नाही. सुरुवातीला ॲलिस खुर्चीत बसलेली असते, ती दृश्यं मी 'अजून कथा सुरू व्हायचीय' म्हणून पुढे ढकलली होती. अक्षरशः, बटण दाबून. कथा तिथेच सुरू झाली होती.

टेपरेकॉर्डर यांचा प्रश्न होता, माध्यम बदलल्यावर भीतीची नवी जागा सापडली का. सापडली आहे. ती त्या खुर्चीत आहे.

शनिवारी रात्री परत पाहणार आहे, सुरुवातीपासून, हेडफोन लावून, बटणाला हात न लावता. खिडकीपाशी, तुम्ही लिहिलं नसतं तर पाहिली नसती.

कंदील_काजळी

मी पूर्ण केली. रात्रीच केली शेवटी, टेपरेकॉर्डर. दार वाजतं त्या दृश्याला आवाज कमी केला होता, कबूल. शनिवारी मीही बसतो तुमच्याबरोबर, आपापल्या घरी. रविवारी १९७२ची 'वॉर्निंग' घेऊ का?

टेपरेकॉर्डर

घेऊ. पण आधी कथा वाचून या, सगळ्यांनी. आणि या वेळी यादी करायची नाही.